यासीनची राखण

यासीन मणेर येतोय हे डोळ्यांच्या आधी कानांना कळायचं. सायकलीच्या हँडलवर दोन्ही बाजूंना दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे घोस लोंबायचे, आणि उमरग्याच्या बाजाररस्त्यावरून, बैलगाड्यांनी उडवलेल्या धुळीतून, त्यांची बारीक किणकिण पुढं पुढं येत राहायची. मग सकाळच्या तिरप्या उन्हात हिरव्या-लाल काचेचे कवडसे समोरच्या भिंतींवरून सरकायचे, आणि सगळ्यांत शेवटी तो स्वतः दिसायचा. उंच, सडपातळ, खांद्यावर चौकड्याचा रुमाल, आणि ओठांच्या कोपऱ्यात असं हसू, की जणू आपण येतोय याचीच त्याला थोडी लाज वाटते आहे.

बाजारामागून बाजार काच वाहून नेणाऱ्या माणसाची चाल काचच ठरवते. खड्डा आला की आम्ही खड्ड्याला शिव्या द्यायचो. यासीन त्याला वाट द्यायचा. वळणावर घाई नाही, उतारावर उन्माद नाही, चढावर कुरकुर नाही. सायकलीवरून उतरून चालायची वेळ आली तर तो सीटवर हात ठेवून असा चालायचा, की पाहणाऱ्याला वाटावं, थकलेल्या बैलाला घरी नेतो आहे. त्याच्या धंद्यात फुटणं हा एकच शत्रू होता आणि त्या शत्रूशी त्यानं हळुवारपणानं लढायचं ठरवलं होतं. मी त्याला यावरून पुष्कळ चिडवायचो. मनातून मात्र मला त्याचा हेवा वाटायचा, कारण माझ्या हातून घरातला एकही पेला सुखरूप राहिलेला नव्हता.

निजामाच्या राजवटीतली ती शेवटची वर्षं. शेवटची आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक! दिवाळीतली बांगड्यांची गर्दी ओसरली होती, लग्नसराई अजून उभी राहायची होती, आणि त्या मधल्या मोकळ्या दिवसांत आम्ही तिघांनी सायकलींवर वळकट्या बांधून बालाघाटाच्या डोंगरांत भटकून यायचं ठरवलं. मी नुकताच शिक्षण आटोपून घरी बसलेला. यासीन मणेर. आणि तिसरा शिवलिंगाप्पा, पेठेतल्या भुसार दुकानदाराचा मुलगा. लिंगायत, घरात कानडी आणि दुकानात मराठी बोलणारा, अंगानं दणकट, रागानं त्याहून दणकट. कामाशिवाय, देवदर्शनाशिवाय, सोयरिकीशिवाय कुणी नुसते डोंगर बघायला जातं हे आमच्या गावाला नवं होतं. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी,’ असं म्हणत माझ्या वडिलांनी दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला.

नळदुर्गावरून तुळजापूर, तिथून घाट उतरून पुन्हा चढून येडशीकडं, असे आम्ही रमतगमत निघालो होतो. कार्तिकातलं ते रान. पाऊस जाऊनही ओढ्यांचं गाणं अजून सुकलेलं नव्हतं, कुसळी गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं आणि वाऱ्याची झुळूक आली की सबंध उतार सोनेरी होऊन एका अंगाला कलायचा. सीताफळांचे डोळे उघडले होते. धावड्याच्या आणि पळसाच्या पानांतून गाळून येणारं ऊन वाटेवर ठिपक्याठिपक्यांनी सांडायचं आणि त्या ठिपक्यांवरून यासीन सर्वांत मागून, रिकाम्या हँडलनंही, काच बांधल्यासारखाच यायचा. मागं राहणं त्यानं आपणहून घेतलं होतं. पुढच्याचं काय पडलं-सांडलं ते मागच्याला दिसतं, असं तो म्हणायचा. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की आम्ही आडवे व्हायचो आणि तो तिन्ही सायकलींची साखळी पुसून मग नमाजाला उभा राहायचा.

शिवलिंगाप्पाच्या गळ्यात दोऱ्याला एक लहानसा चांदीचा करंडा असे आणि त्यात त्याचं इष्टलिंग. रोज सकाळी ओलेत्यानं बसून तो ते डाव्या तळहातावर घ्यायचा आणि पूजा करायचा. गुरूनं दिलेलं ते लिंग देहापासून वेगळं होऊ द्यायचं नाही. ते अंगावर नसेल तर अन्न शिवायचं नाही, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि ते हरवलं तर त्या माणसानं जगावं की नाही याविषयी जुनी माणसं जे बोलायची, ते शिवलिंगाप्पानं लहानपणापासून ऐकलं होतं. आता गंमत अशी की, उतारावर हँडलवर वाकलं म्हणजे करंडा लोखंडावर आपटायचा. देवाला ठेच लागते म्हणून त्यानं दोरा फिरवून करंडा पाठीवर टाकला. पाठीवर खांद्यातल्या पिशवीचा चामडी पट्टा होता. त्या पट्ट्यानं धक्क्याधक्क्याला दोरा कातरत आणला असणार, हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

येडशीजवळच्या रामलिंगाच्या ओढ्यावर सकाळची पूजा झाली होती. तिथून डोंगराची सोंड चढून, पलीकडचा लांबच लांब उतार उतरून आम्ही एका झऱ्याशी जेवायला बसलो, आणि पहिला घास मोडण्याआधी शिवलिंगाप्पाचा हात सवयीनं छातीकडं गेला. तिथून पाठीवर गेला. मग त्यानं सदरा काढून झटकला.

"अय्यो शिवने," तो एवढंच म्हणाला. त्याच्यासारख्या रागीट माणसाचा इतका लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता.

भाकरी तशीच झाकून आम्ही उठलो. यासीननं भराभर ठरवलं: आम्ही दोघांनी खालून चाळत यायचं, त्यानं वरच्या टोकाला जाऊन खाली यायचं. पाण्याची एकुलती एक छागल माझ्या हँडलला होती. ती घेऊन जा असं मी म्हणेपर्यंत तो सायकल ढकलत वळणाआड गेलाही होता. मागून येणाऱ्या यासीनच्याही नजरेतून सुटलेली बोटाएवढी चांदी कमरेएवढ्या गवतात शोधायची होती. शिवलिंगाप्पा गुडघ्यांवर रांगत होता. कुसळांनी त्याचे हात रक्ताळले, ऊन डोक्यावर चढलं, ओठ पांढरे पडले, आणि माझ्या हातातली छागल दिसली की तो मान फिरवायचा. मी त्याच्याकडं पाठ करून दोनदा प्यालो. मधूनच वरच्या रानातून घंटी वाजल्याचा भास व्हायचा. पण वारा उलटा होता आणि घंटीमागून यासीन काही येत नव्हता. त्याला काही झालं की काय, ही दुसरी धास्ती आता पहिलीला येऊन मिळाली.

ऊन कलल्यावर आम्ही त्याच्यापाशी पोचलो. ते दृश्य मी आयुष्यभर जपलं आहे. एका धावड्याखाली, पण सावली सरकून गेल्यामुळं भर उन्हात, यासीन उकिडवा बसला होता. समोर गवतात, टोपण अर्धवट उघडलेला, चांदीचा करंडा पडला होता. दोन काटक्या रोवून त्यानं आपला रुमाल त्यावर ताणला होता. सावली करंड्यावर, स्वतः उन्हात. वर फांद्यांवर वानरांचा सबंध कळप टपून बसला होता आणि एखादं धीट वानर खाली सरकलं की यासीन हात लांबवून सायकलीची घंटी वाजवायचा. जागा सोडली असती तर ती चकाकती वस्तू क्षणात झाडावर गेली असती. त्याच्या ओठांची सालं निघाली होती. सकाळपासून त्याच्याही पोटात पाणी नव्हतं.

मला आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात मी त्याच्यावरच खेकसलो, "अरे, उचलून आणायचं की! आम्ही खाली जिवाचं रान करतोय!"

"उचलू कसं?" तो म्हणाला. "आमच्या धंद्यात इचारल्याबिगर बाईचा हात बी हातात घेत न्हाईत. हे तर ह्याचं देवाचं. अन् ज्याला इचारायचं, त्यो खाली."

"मग हाक मारायची."

"मारली की. घंटी बी लई वाजवली. वानरं तेवडी भ्याली, तुमी काय आलाव न्हाय."

शिवलिंगाप्पा करंड्यासमोर गुडघे टेकून बसला होता. हात पुढं करायचा अवकाश होता. पण त्यानं तो केला नाही. यासीनकडं बघून म्हणाला, "तू उचल. माज्या हातावर ठेव."

"नक्को रे शिवाप्पा. तुज्या घरी कळलं तर?"

"घरचे न्हाईत हितं. म्या हाय, म्या सांगतोय. पैल्यांदा गुरूच्या हातनं मिळालतं. आता तुज्या हातनं मिळू दे."

यासीननं आपले धुळीनं माखलेले तळहात उलटसुलट करून बघितले. मग त्यानं माझ्याकडून छागल मागितली. तिच्यात उरलं होतं ते दोघांना मिळून चार घोट होईल एवढंच पाणी. आधी पिऊन घे, असे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले याचं मला आजही समाधान वाटतं. शिवलिंगाप्पानं छागल कलती धरली आणि यासीननं त्या पाण्यानं दोन्ही हात कोपरांपर्यंत, नीट, बोटांच्या बेचक्यांसकट धुतले. एकाचे तहानेनं फुटलेले ओठ वर, दुसऱ्याचे खाली, मधून पाण्याची धार सगळीच्या सगळी मातीत गेली, आणि एकानंही तिच्यातला थेंब तोंडाला लावला नाही. मग त्यानं करंडा बोटांच्या टोकांनी उचलून शिवलिंगाप्पाच्या पसरलेल्या डाव्या तळहातावर ठेवला. माझे डोळे भरून आले. वानरंसुद्धा गप्प होती, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात, हसोत.

मग आम्ही उतार उतरून झऱ्यावर आलो. शिवलिंगाप्पानं आंघोळ केली, पूजा केली, तोवर यासीन पाण्याकडं पाठ करून बसला. आणि नंतर दोघांनी एकाच वेळी ओणवं होऊन झऱ्याला तोंड लावलं.

पुढं काही वर्षांतच राजवट गेली. जाताना तिनं आणि तिच्यामागून आलेल्या दिवसांनी आमच्या भागात जे केलं, ते सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत आणि ऐकायला आता कुणी उरलेलं नाही. एका सकाळी मणेरांच्या घराला कुलूप दिसलं. कुणी म्हणालं हैदराबादला गेले, कुणी म्हणालं त्याच्याही पुढं. शिवलिंगाप्पा हैदराबादच्या गल्ल्यांतून चौकशी करत हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. त्या दिवशी त्याच्या घरची चूल पेटली, पण तो जेवला नाही. नवा मणेर बाजारात बसू लागला. बायका त्याच्याकडून बांगड्या भरून घेताना हात जरा मागं ओढायच्या.

आता शिवलिंगाप्पाही नाही. कार्तिक मात्र दरसाल येतो, गवत पिवळं होतं, उन्हाचे ठिपके त्याच वाटांवर सांडतात, आणि मी माझ्या परीनं त्या दुपारची राखण करत बसतो. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कशालाही हात न लावणारा तो माणूस. त्याला मात्र काळानं आमच्यातून उचलून नेलं, आणि जायचं का, असं त्याला कुणीच विचारलं नाही.