हॅलिफॅक्सहून आलेली सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. चुलीतले निखारे सारायला आणि राख पाडायला इंग्लंडात घरोघरी असते, तसली. बोटभर जाड, हातभर लांब, टोकाला वाकडी आणि मुठीपाशी पीळ दिलेली. सध्या माझा मुक्काम फिलाडेल्फियातल्या एका गल्लीत, फरसबंदीच्या दगडांखाली आहे. माझी गोष्ट मारामारीची आहे. गोड गोष्ट हवी असेल तर एखाद्या बशीला नाहीतर बाहुलीला विचारा.

माझा जन्मच मार खाऊन झाला. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावी सेथ नावाचा लोहार होता. त्या दिवशी तो बायकोशी भांडून आला होता आणि तिचा सगळा राग त्याने माझ्यावर काढला. मला लाल होईपर्यंत तापवले, ऐरणीवर बडव बडव बडवले, चिमट्यात धरून माझी मान पिरगाळली आणि पाण्यात बुडवले. मी चर्रकन ओरडले. सेथ खूश होऊन म्हणाला, "कुणाचंही डोकं फुटेल, पण ही वाकायची नाही." पहिले कौतुक हे असे कानी पडले. मग माझा स्वभाव कसा होणार, तुम्हीच सांगा.

हॅना सटक्लिफच्या लग्नात मी तिच्या घरी आले. तिचा नवरा एनॉक गालिचे विणायच्या गिरणीत होता. रोज पहाटे हॅना माझ्या टोकाने निखारे फोडायची. कोळशाच्या ढेकळावर पहिला घाव बसला, ते दुभंगले आणि आतून ज्वाळा उसळली की मला फार बरे वाटे. कोळशाच्या खोलीत एकदा घूस शिरली. हॅनाने एका फटक्यात तिचा निकाल लावला. तेव्हापासून शेजारणी मला "हॅनाची वाघीण" म्हणू लागल्या. मीही फुशारले होते.

पुढे गिरणीत काम घटले. एनॉकचा चुलतभाऊ जोब आधीच फिलाडेल्फियाला गेला होता, त्याने सगळ्यांना बोलावून घेतले. सामान बांधताना एनॉक हसला. "अगं, अमेरिकेत लोखंड मिळत नाही का?"

"मिळत असेल," हॅना म्हणाली. "माझ्या हाताची सवय नाही मिळत."

जहाजात माझा उपयोग झालाच. त्यांची लेक एडिथ लहान होती आणि तिची छाती अधू होती. खालच्या कोंदट खोलीत ती रात्रंदिवस खोकायची. एका धटिंगणाने तिच्या अंगावरचे पांघरूण ओढले. हॅनाने एक शब्द न बोलता मला त्याच्या बोटांवर उतरवले. तो कळवळत निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

फिलाडेल्फियात त्यांनी जोबच्या गल्लीत बिऱ्हाड केले. गल्ली सगळी आपल्या माणसांची, यॉर्कशरच्या बोलीची. कोपऱ्यावर आपले प्रॉटेस्टंट चर्च, समोर आपला बिअरचा गुत्ता. एनॉकला तर माहेरी आल्यासारखे झाले. पण गल्लीच्या तोंडाशी सूत रंगवायचा कारखाना होता. त्याची आंबट वाफ दिवसभर खिडक्यांतून आत यायची. एडिथचे ओठ निळे पडू लागले.

मग हॅनाने घर शोधायला सुरुवात केली. तिची तऱ्हा निराळी होती. भाडे, शेजार, गिरणी किती लांब, हे सगळे बाजूला ठेवून ती एडिथला कडेवर घेऊन प्रत्येक गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहायची आणि पोरीच्या पाठीला कान लावून श्वास ऐकायची. बहुतेक ठिकाणी घरघर. फक्त नदीकडच्या एका गल्लीत, वाऱ्यावर, घरघर हळूहळू कमी झाली. संध्याकाळी चुलीपाशी हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

जोब उडालाच. "वहिनी, वेड लागलं का? ती गल्ली आयरिश लोकांची! एकजात कॅथलिक. तुम्हाला न्याहारीला खातील."

"खाऊ देत. पोरीला श्वास घेता आला म्हणजे झालं."

आम्ही तिकडे राहायला गेलो. दुसऱ्याच दिवशी शेजारची ओनोरा डेव्हनी दारात येऊन उभी राहिली. धिप्पाड विधवा, हातात दुधाची बरणी. "तुझ्या पोरीचा खोकला माझ्या भिंतीतून येतो," ती खेकसली. "माझी झोपमोड होते. हे शेळीचं दूध पाज तिला. तिला बरं वाटलं तर मला झोप लागेल."

"तुमचे कसे उपकार..." हॅना चाचरत म्हणाली.

"उपकार कसले डोंबलाचे? बरणी धुऊन परत दे."

रोज सकाळी बरणी येऊ लागली. एडिथच्या गालांवर रंग आला. पानगळीच्या दिवसांत ती शेळीमागे पळू लागली. त्या घरात राहणे म्हणजे एडिथचे जगणे, इतके ते सरळ होते.

आणि मग नोव्हेंबरची पाच तारीख आली.

हॅलिफॅक्सात त्या दिवशी पोरे जुन्या कपड्यांत गवत कोंबून बाहुला करतात आणि जाळतात. फार पूर्वी राजाला दारूगोळ्याने उडवायला निघालेल्या एका कॅथलिकाचा तो बाहुला. एनॉकच्या लेखी त्यात कॅथलिक वगैरे काही नव्हते. त्याच्या लेखी तो निखाऱ्यात भाजलेल्या बटाट्यांचा आणि काकवीच्या केकचा दिवस. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत त्याने लाकडे रचली आणि आपला जुना काळा कोट बाहुल्याला घातला. बाहुल्याची मान सारखी लवंडत होती, म्हणून त्याने गळ्याभोवती पांढऱ्या लोकरीची पट्टी आवळली. काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी. बाहुला थेट कॅथलिक पाद्रीसारखा दिसू लागला, ते त्याच्या लक्षातच आले नाही.

तिन्हीसांजेला जोब दोस्तांना घेऊन आला. बिअर आली. एनॉकने जाळ केला आणि तो मला घेऊन निखारे सारू लागला. माझे टोक लाल झाले.

ओनोरा दार उघडून बाहेर आली आणि जागीच थिजली. चाळीस वर्षांपूर्वी याच वस्तीत कॅथलिकांविरुद्ध दंगल झाली होती. तिच्या लोकांची घरे जाळली होती, चर्च जाळले होते. तेव्हा ती एडिथपेक्षा थोडीच मोठी होती. आता तिच्याच गल्लीत तिचा पाद्री जळत होता आणि इंग्रज भोवती हसत होते. ती अशी किंचाळली की घराघरांतून माणसे धावत आली.

तिचा लेक ओवेन गोदीत हमाल होता. त्याने जळता बाहुला लाथेने उडवला. "हे काय चालवलंय तुम्ही?"

एनॉक गोंधळला. "अहो, खेळ आहे हा. आमच्या गावी..."

तेवढ्यात जोब खिदळला. "थंडी पडलीय ना! तुमच्या पाद्रीबुवांना जरा शेक देतोय!"

ओवेनची मूठ जोबच्या तोंडावर बसली आणि दात जमिनीवर पडले. मग कोण कुणाला मारतो आहे तेच कळेना. बाटल्या फुटल्या. जळती लाकडे फेकली गेली. जोबच्या एका दोस्ताला चौघांनी विटांच्या ढिगावर आदळले. ओवेनने एनॉकची मानगूट धरली, आणि एनॉकच्या हातात मी होते.

त्याने मला उगारले. खरे सांगते, मला आनंद झाला. कोळशाचे ढेकूळ फोडण्याआधी होतो, तसाच. मी ओवेनच्या उजव्या हातावर उतरले. बाही जळाली, कातडी चरचरली आणि आतले हाड काटकी मोडावी तसे मोडले. आतून ज्वाळा काही उसळली नाही. तो फक्त गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा "आई" म्हणाला.

एनॉकने मला टाकले आणि तो पळाला. त्याच्या घराच्या खिडक्यांवर दगड पडू लागले. आत हॅना एडिथला पोटाशी धरून पलंगाखाली पडून होती. उजाडताच ढकलगाडीवर सामान टाकून ती तिघे निघून गेली. कुठे? आणखी कुठे जाणार! जोबच्या गल्लीत, त्याच्याच घरी, त्या आंबट वाफेत.

राखेतून मला ओनोराने उचलले आणि चुलीपाशी ठेवले. ओवेन भडकला. "फेक ती! तिनं माझा हात घालवला."

"हात माणसानं घालवला. ही लोखंडाची आहे, कामाला येईल."

ओवेनचे हाड वाकडे जुळले. त्याचे गोदीतले काम गेले. तो माझ्याकडे बघायचा तेव्हा मला कोपऱ्यात शिरावेसे वाटे. ओनोरा रोज शेळीचे दूध काढायची, बरणी भरायची आणि मग भिंतीकडे बघत बसायची. दूध नासायचे. बर्फ पडू लागल्यावर एका सकाळी तिने शाल घेतली.

"कुठे निघालीस?" ओवेनने विचारले.

"दूध द्यायला."

"त्यांनी माझा हात मोडला, आई!"

"त्या पोरीनं मोडला का?"

एका हातात तिने बरणी घेतली. दुसऱ्या हातात मला घेतले, कारण त्या गल्लीत आयरिश बाईचे स्वागत कसे होईल हे तिला ठाऊक होते. जोबच्या दारावर तिने माझ्याच मुठीने ठोकले. हॅनाने दार किलकिले केले. तिला ओनोरा दिसलीच नाही, मी दिसले. ती पांढरीफटक पडली, दार धाडकन लागले, आतून कडी बसली.

"आयरिश आलेत!" कुणीतरी ओरडले. खिडक्या उघडल्या. वरून एक दगड आला आणि ओनोराच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरले. दोन बाप्ये पुढे सरसावले, तेव्हा तिने मला वर उचलले. ते थबकले. मार, मी मनात म्हणत होते, एकदाच उतरव मला! तेवढ्यात बंद दाराआडून खोकला आला. कोरडा, खोल, न थांबणारा.

ओनोराने सगळा जोर लावून मला फेकले. गोठलेल्या गटारात मी आपटले, बर्फ फुटला आणि मी चिखलात रुतले. बाप्ये बघत राहिले. हात रिकामा असलेल्या म्हाताऱ्या बाईवर चालून जायला त्यांनाही लाज वाटली असावी.

मग तिने नुसत्या मुठीने दार ठोठावले. "अगं बये, उघड. दूध गोठायला लागलंय."

मग कडी निघाली.

"ओनोराबाई, रक्त येतंय तुम्हाला!"

"येऊ दे. आधी पोरीला पाज."

हॅनाने तिला हाताला धरून आत ओढले. मला कुणी उचलले नाही.

सबंध हिवाळाभर रोज सकाळी ओनोराचे बूट माझ्या डोक्यावरून जात. वसंतात एक ढकलगाडी नदीच्या दिशेने गेली. गाडीवरून एडिथ विचारत होती, "आई, शेळी मला ओळखेल का गं?" ओवेन मात्र एनॉकशी जन्मभर बोलला नाही, असे पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून कानी आले. त्याचे बरोबरच आहे. हात त्याचा गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, गंजू देऊ नका. मी तसे म्हणणार नाही. मी पडले तेव्हा ते दार उघडले, हे मी ऐकले आहे. कधी रस्ता खणताना मी तुमच्या हाती लागले आणि त्या दिवशी तुम्ही कुणावर चिडलेले असाल, तर मला उचलू नका. वरून माती लोटा आणि पुढे जा.