तीन वेळा आणलं होतं

"दोन्ही डाव्या!" मास्तरीणबाईंनी कापलेल्या बाह्या टेबलावर आपटल्या. "अहो, दुसऱ्या बाहीला कागदी फर्मा उलटा करायला विसरलात?"

कटिंग मास्तरांनी बाह्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि उगाचच हसले. तीस वर्षांत त्यांचा हात असा कधी चुकला नव्हता. शेजारच्या मशिनीवरच्या शिंप्यानं चेष्टा केली, "वहिनी, गिऱ्हाइकाला दोन डावे हात असतील!" सगळं दुकान खिदळलं. काजं-बटणं करणाऱ्या मास्तरीणबाईंना मात्र हसू आलं नाही. आठवडाभर नवऱ्याचं डोकं दुखत होतं, संध्याकाळी अंगही कोमट लागायचं, आणि आता हे.

धास्तीला कारण होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी आपली एक किडनी मास्तरांना दिली होती. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून मास्तर रोज गोळ्या घ्यायचे, आणि त्याच गोळ्या अंगातली रोगाशी लढायची ताकद मारायच्या. "साधा तापसुद्धा अंगावर काढू नका," असं दवाखान्यात बजावलं होतं. बाईंनी खूणगाठ बांधली. बजावणारेच विसरले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मास्तरांना त्याच दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला. "छाती स्वच्छ. खोकला नाही. टेन्शन असेल."

"साहेब, यांनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या."

"मग चांगल्या शिंप्याकडे जा," म्हणत तो आपल्याच विनोदावर हसला आणि डोकेदुखीच्या गोळ्या लिहून मोकळा झाला.

चार दिवसांनी पुन्हा. किडनीवाले म्हणाले, डोकं दुखतंय ना, मेंदूवाल्यांकडे जा. मेंदूवाले म्हणाले, किडनी बदललीय ना, किडनीवाल्यांकडे जा. चेंडू निदान खेळणाऱ्यांना हवा तरी असतो. मास्तर कुणालाच नको होते.

तिसऱ्यांदा नेलं तेव्हा मास्तर उलट्या करत होते आणि भलतंच बरळत होते. "झोप पुरत नसेल," म्हणून त्याच तरुण डॉक्टरनं झोपेची गोळी दिली. बसल्या जागी पेंगणाऱ्या माणसाला झोपेची गोळी!

तीन दिवसांनी मास्तर कापडावरच आडवे झाले आणि हलवूनही उठेनात. मग मात्र दवाखान्यात सगळ्यांची धावपळ उडाली. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या आवरणाला टीबी झालाय."

"खोकला नसताना?"

"प्रतिकारशक्ती कमी असली की तो कुठेही शिरतो. मेंदूत पाणी साचलंय, नळी घालून काढावं लागेल. इथे सही करा." आणि मान वर न करताच पुढे म्हणाले, "जरा आधी आणायचं होतंत, बाई."

बाईंनी कागद हातात घेतला. वरच्या बाजूला लिहिलं होतं, 'नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले.' त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सही त्यांनी तिथल्या तिथे केली. पेन मात्र परत दिलं नाही. पिशवीतून तिन्ही खेपांच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या आणि त्या ओळीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'तीन वेळा आणले होते.' पुढे तिन्ही तारखा.

"अहो, केसपेपरवर नातेवाइकांनी लिहायचं नसतं!"

"आणि खोटं कुणी लिहायचं असतं? ते आधी सांगा."

मागे उभा असलेला तरुण डॉक्टर फरशीकडे बघत होता. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या वाचल्या, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कागद फाइलला लावला.

नळी बसली. सहाव्या दिवशी मास्तरांनी डोळे उघडले. उजवा हात चादरीवर पडला होता, तो हलला नाही. ते बाईंच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग गिऱ्हाइकाशी बोलायचे त्याच अदबीनं अडखळत म्हणाले, "बाई, तुमचे कपडे... आज नाही झाले. उशीर झाला. माफ करा."

एवढ्या मोठ्या दवाखान्यात हा माफीचा शब्द आजवर एकाच्याही तोंडून निघाला नव्हता. निघाला तो ज्याचा काडीचा दोष नव्हता त्याच्या. त्यांना ती इमारत पेटवून द्यावीशी वाटली.

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

"असू द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याला या नावानं कधी हाक मारली नव्हती. "घाई नाही. मी थांबते."