रावजीच्या वाडीतली कमान

निवृत्त झाल्यावर एकटीनं परदेश फिरून येणार, असं मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा जाहीर केलं होतं, की निवृत्त झाल्यावर माघार घ्यायची सोय उरली नाही. संगमनेरच्या शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. फ्लोरेन्सचा आठ दिवसांचा बेत आखला, वहीत रोजचं वेळापत्रक लिहिलं, 'धन्यवाद' आणि 'संडास कुठे आहे' एवढं इटालियन पाठ केलं. आणि ऐन वेळी डॉक्टरांनी माझ्या पायाकडे बघून सांगितलं, कुमुदताई, एवढा लांबचा विमानप्रवास यंदा नाही.

राग आला की मी हट्टाला पेटते. तटबंदीचं, जुन्या चर्चचं, चालत फिरता येईल असं गाव मी नकाशात शोधायला बसले आणि रेवदंडा सापडलं. बांधलं पोर्तुगीजांनी, इटालियनांनी नव्हे, पण हातात बॅग भरलेली असताना एवढा चोखंदळपणा परवडत नाही. वेळापत्रक तेच ठेवलं. सकाळी दहाला कॅथेड्रल, म्हणजे नारळांच्या वाडीतलं मोडकं चर्च. अकराला घंटेचा मनोरा, म्हणजे किल्ल्यातला सातखणी बुरूज. दुपारी झोप, ती दोन्हीकडे सारखीच. संध्याकाळी जिलेटोच्या जागी नाक्यावरची कुल्फी.

आठांतले सहा दिवस झकास गेले. फेब्रुवारी होता, हवा गोड होती, आणि किल्ल्याच्या आतलं ते गाव माझ्यावर नुसतं लोभ करत होतं. चित्राची वही उघडून कुठे बसले, की कोणीतरी यायचंच. नारळवाल्या काळूरामनं रोज शहाळं फोडून दिलं. तटाजवळ राहणाऱ्या भागुबाईनं स्वतःची विहीर दाखवली आणि ती तिच्या आजेसासऱ्यांपासून त्यांचीच असल्याचं मला तीनदा सांगितलं. एकानं तर त्याचा बांध "पयल्यापासून हितंच हाय" हे मी लिहून घेतलं का, ते वहीत डोकावून पाहिलं. मला वाटलं, इतिहासाची एवढी आवड आमच्या संगमनेरात नाही.

लोभ नव्हता तो एकट्या रावजीचा. आणि मला हवी होती ती कमान नेमकी त्याच्या वाडीत होती. कुठल्याशा चर्चचं दार. भिंती पडल्या, कमान तेवढी उभी. तटावरून तिचा वरचा भाग दिसायचा, बाकी झाडीत. तीन वेळा मी त्याच्या कुलूपबंद फाटकाशी गेले आणि तिन्ही वेळा त्यानं "न्हाय" म्हणून पाठ फिरवली. पंचाहत्तरीचा हडकुळा माणूस, पण डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा.

मला ती कमान का हवी होती, ते सांगते. एकतीस वर्षं मी पोरांना कमानी शिकवल्या, त्या सगळ्या पुस्तकातल्या फोटोंवरून. दगडाची खरी कमान समोर बसून मी एकदाही काढली नव्हती. शिक्षिका म्हणून ही लाज मनात होती आणि ती घेऊन मला घरी जायचं नव्हतं.

सातव्या सकाळी मी जिच्या घरी उतरले होते त्या क्रांतीनं घावणं वाढता वाढता विचारलं, "मावशी, रागावणार नसाल तर एक विचारू? मोजणी कधी संपणार?"

"कसली मोजणी?"

"रस्त्याची. किनाऱ्यानं मोठा रस्ता व्हायचाय म्हणतात ना. गावात सगळ्यांना माहितेय तुम्ही त्याच्यासाठी आलाय. मी कुणाला काय बोलले नाय हां."

मी हात पुढे ताणते, एक डोळा मिटते, पेन्सिल उभी धरते आणि तिच्यावर अंगठा सरकवते. समोरची वस्तू किती उंच, किती रुंद, याचं प्रमाण घ्यायची ही रीत मी हजारो पोरांना शिकवली. आणि सहा दिवस हे गाव माझ्याकडे बघून म्हणत होतं, बाई एक डोळा मिटून आपल्या जमिनी मोजतेय.

हसता हसता मला घावण्याचा ठसका लागला. मग वाईट वाटलं. म्हणजे ती शहाळी माझ्यासाठी नव्हती.

"काळूरामची होती हो मनापासून," क्रांती म्हणाली. "त्याला रस्ता हवाय."

"आणि रावजीला?"

"त्याला नकोय. म्हणून तर कुलूप."

मी तडक वही घेऊन निघाले आणि घरोघर चित्रं दाखवली. त्यानं सगळंच मुसळ केरात गेलं. भागुबाईनं आपल्या विहिरीचं चित्र निरखलं, शेजारणीला बोलावलं आणि गंभीर आवाजात म्हणाली, "बघ. दगडनदगड उतरवलाय बायनं." मी चित्रकलेची शिक्षिका आहे असं सांगितलं, तर सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. सरकारी माणूस खरं कशाला सांगेल? संध्याकाळी रावजीच्या फाटकाला दुसरं कुलूप लागलेलं दिसलं.

शेवटच्या दिवशी बॅग भरून ठेवली. मांडव्याची दुपारची बोट पकडायची तर साडेदहाला निघायला हवं होतं. आठ वाजता मी रावजीच्या फाटकासमोरच्या दगडावर जाऊन बसले. तो फाटकाच्या आत लाकडी स्टुलावर बसला होता. मी उठेपर्यंत त्याला उठता येईना आणि तो उठेपर्यंत मी उठणार नव्हते. मग करायचं काय? मी वही उघडली, हात ताणला, डोळा मिटला आणि रावजीवर पेन्सिल रोखली.

त्यानं माझ्या पेन्सिलीकडे रोखून पाहिलं. मग म्हणाला, "आता मला पन मोजतेस?"

"हो. हलू नका."

"माझ्यातून बी रस्ता न्हेनार काय?"

"नाक मध्ये येतंय," मी म्हटलं. "त्याला वळसा घालावा लागेल."

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. तासाभरानं मी फाटकाच्या फटीतून कागद आत दिला. त्यानं तो लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला, मग स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. सदऱ्याचं दुसरं बटण नव्हतं. चित्रातही नव्हतं.

"मोजनीवाला बटन कशाला बघंल," तो स्वतःशीच म्हणाला आणि कमरेच्या चाव्या सोडायला लागला.

आत सुपारीच्या झाडांमधून पायवाट होती. मी दुखरा पाय विसरून चालत होते. पायवाट संपली आणि कमान समोर आली. म्हणजे आली असती. तिच्या बरोबर पुढ्यात एक भलाथोरला फणस उभा होता आणि कमान निम्म्याहून जास्त त्याच्यामागे गेली होती.

"मी जरा डावीकडून काढते," मी म्हटलं आणि सरकायला लागले.

"काय काढतेस?"

"कमान."

"कमान कसली काढतेस, बाय? फणस काढ."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो फणसाच्या खोडाला हात लावून उभा होता.

"रंगूनं लावला. माझ्या घरवालीनं. लगीन होऊन दुसऱ्या वर्साला, परकराएवढा उंच होता. ती गेली त्याला आता तीन वर्सं झाली." त्यानं कमानीकडे मान वळवली. "रस्ता आला तरी तुझी कमान ऱ्हाईल. दगूड हाय, जुना हाय, तिला पाटी लावतील. फणसाला कोन पाटी लावनार?"

मला स्वतःची थोडी लाज वाटली. सात दिवस मी या माणसाला तुसडा म्हणत होते. मी दगडाच्या मागे लागले होते आणि तो बायकोचं झाड राखत होता.

मी फणसासमोर बैठक मारली. रावजी परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा पाठीशी उभा राहिला. ह्या फांदीला गाठ हाय, ती दाव. हितं कवळ्या फणसाच्या कुयऱ्या चार हायेत, तू तीनच काढल्यास. साडेदहा वाजून गेले, बोटीची वेळही टळली, क्रांती फाटकाशी येऊन बघून गेली. मी फांद्यांच्या फटींतून दिसले तेवढे कमानीचे दगड काढले, म्हणजे पसाभर. एकतीस वर्षांची माझी कमान तेवढीच झाली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सगळा कागद फणसानं भरला होता.

"तुमच्याकडेच ठेवा," मी कागद फाडून पुढे केला. "कोणी मोजायला आलं तर दाखवा, इथे काय उभं होतं ते."

त्यानं हात धोतराला पुसले, पण कागद घेतला नाही.

"खाली नाव लिही."

मी कोपऱ्यात 'कु' लिहिला.

"तुझं न्हाय, बाय," रावजी म्हणाला. "तिचं."

मी 'कु' खोडला आणि ठळक अक्षरात लिहिलं: रंगू रावजी.