खो मिळेपर्यंत

गुडघ्याला टाके पडेपर्यंत अक्षता गप्प होती. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली, नर्सबाईंनी पट्टी गुंडाळली, तरी पोरगी छताकडे बघत पडून राहिली. मग तिच्या वर्गाच्या पद्मावतीबाई म्हणाल्या, आता टाके निघेपर्यंत खो-खो बंद. तेव्हा मात्र तिनं असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावले.

तिचे वडील संघर्ष कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून अर्धी पाळी टाकून आले होते. हाताचं ग्रीससुद्धा धुतलेलं नव्हतं. त्यांनी आधी लेकीचा गुडघा पाहिला, मग बाईंकडे पाहिलं.

"बाई, तुमच्यावर राग न्हाय माझा," ते म्हणाले. "मातीत पडून येत होती, तवा आम्ही कधी एक शब्द बोललो न्हाय. पर फरशीवर कोण पळवतं व्हय पोरांस्नी? आता आमच्या पोरीपुढं खेळाचं नाव काढू नका."

जे बाई गेले चार दिवस हेडसरांना सांगत होत्या, तेच हा माणूस त्यांना सांगत होता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती ओतायला समोर कुणी नव्हतं.

पद्मावती मगदूम मंगळवार पेठेतल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत. खेळाचा शिक्षक शाळेला नव्हता. वेळापत्रकात खेळाचा तास तेवढा होता, आणि आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हावी तसे बाकीचे सगळे विषय त्या तासावर उदार होते. शिष्यवृत्तीचं गणित राहिलं, घ्या खेळाचा तास. कुणी गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले, कोंबा दोन वर्ग एकत्र खेळाच्या तासाला. ऑफिसच्या कपाटात दोन फुटबॉल होते, त्यांतली हवा गेली तरी कपाटाची किल्ली हलली नव्हती. आणि ही पेठ कसली, तर फुटबॉलसाठी जीव टाकणारी. मोठ्यांची मॅच असली की रस्ते ओस पडतात, हरल्या-जिंकल्यावरून मिशा असलेली माणसं एकमेकांची गचांडी धरतात. त्यांचीच पोरं शाळेत तासन्‌तास हाताची घडी घालून बसवलेली असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाई लहानपणी गावाकडं खो-खो खेळलेल्या. म्हणून हाच वर्ग तिसरीत होता तेव्हापासून त्यांनी त्याचा खेळाचा तास कुणाला दिला नाही, आणि त्या एका हट्टातून मुलींचा संघ उभा राहिला.

मग झालं ते असं. शाळेच्या समितीच्या बैठकीला आण्णा आले. आण्णा म्हणजे पेठेतले माजी नगरसेवक, आणि पुन्हा आजी व्हायच्या तयारीत असलेले. काय अडचण असेल ती सांगा म्हणाले. बाईंनी सांगितलं की मैदानात खडे वर आलेत, पावसात चिखल होतो, पोरी घसरतात. एवढंच सांगितलं. चाळलेली लाल माती टाका, रोलर फिरवा, हे सांगितलं नाही. ज्या गावात तालमीच्या मातीला ताक, लिंबू आणि हळद पाजतात, त्या गावात खेळाला माती लागते हे तोंडानं सांगावं लागेल, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

मे महिन्याची सुट्टी संपवून बाई शाळेच्या फाटकात आल्या, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचे ब्लॉक. लाल, करडे, लाल, करडे. लाकडी खांब उपटून स्टीलचे रोवलेले, आणि दोन्ही खांबांवर आण्णांचं नाव. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणावं तर मारुतीलाही हे आवडलं नसतं.

संतापायचं तर एकटीनंच संतापावं लागलं. हेडसर खूश होते, कारण धूळ वर्गात येत नव्हती. पालक खूश होते. संघातल्या ऐश्वर्याची आई मीनाबाई तर फाटकात बाईंचा हात धरून म्हणाली की युनिफॉर्मचा चिखल काढून मनगटं गेली होती, आता देवानं ऐकलं. बाईंना तिच्यावर रागावताही येईना. चार घरची धुणी करून आलेल्या बाईला आणखी एक मळका फ्रॉक नको वाटला, तर तिचं काय चुकलं? पण त्याच आठवड्यात अक्षता सवयीनं खांबाकडं झेपावली. मातीत ती घसरत जाऊन खांब गाठायची. इथं गुडघाच फाटला.

दवाखान्यातून बाई तडक आण्णांच्या ऑफिसात गेल्या. आण्णांनी चहा मागवला, बाईंनी तो घेतला नाही. सगळे ब्लॉक काढा म्हणत नाही, त्या म्हणाल्या, दोन खांबांमधली खो-खोपुरती जागा उकरा आणि तिथं माती टाका. या पोरी पाचवीला दुसऱ्या शाळांत जाणार. तिथं त्यांना कोण खेळवेल, घरचे खेळू देतील का, याचा भरवसा नाही. जे खेळायचं ते यंदाच.

"अख्खी पेठ माझ्याकडं ब्लॉक मागतीया," आण्णा हसले, "आन् तुम्ही माती मागता."

पण माणूस हिशेबी होता. पुढच्या सोमवारी मैदानाचं उद्घाटन होतं, मुंबईहून पक्षाचे मोठे पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर मुलींनी खो-खोचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं. दोनच मिनिटं. तेवढं झालं की दुसऱ्या दिवशी जागा उकरून देतो, आण्णांचा शब्द. पेठेत आण्णांची कामं कशीही असोत, दिलेला शब्द ते पाळत, हे बाईंना माहीत होतं. त्या हो म्हणाल्या. घरी जाईपर्यंत स्वतःला समजावत राहिल्या की दोन मिनिटांनी काय होतंय. हळू पळायला सांगू.

सोमवारी कडक ऊन पडलं. मांडव आला, फुगे आले, खेळाचं महत्त्व सांगणारा आणि आण्णांचा फोटो असलेला मोठा फलक आला. बाईंनी मुलींना पुन्हा पुन्हा बजावलं की झेप घ्यायची नाही, सूर मारायचा नाही, नुसतं हळूहळू पळायचं. मुलींनी माना डोलावल्या. पण नऊ वर्षांची पोरगी कुणाच्या मागं लागली की ती हळू पळते का? हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून तर त्या इतक्यांदा सांगत होत्या.

ऐश्वर्या तापानं आली नव्हती. पाहुण्यांच्या गाड्या फाटकात लागल्या, मुली चौकोनांत उकिडव्या बसल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, आणि बाईंच्या लक्षात आलं की शेवटचा चौकोनही भरला आहे. तिथं अक्षता बसली होती. पट्टीचा पाय बाजूला तिरका काढून.

"तू कशाला आलीस?" बाई धावत गेल्या. "बाबांनी सोडलं?"

"बाबा कामावर हायत. मी पळतो की बाई. दुखत न्हाय आता."

तिला उठवायला वेळ नव्हता. माइकवर स्वागत सुरू झालं होतं. बाई घाईत म्हणाल्या, "तू नुसतं बस. तुला कुणी खो देणार न्हाय."

अक्षतानं त्यांच्याकडं मान वर करून पाहिलं. "मग बसू कशाला?"

बाईंनी रांगेवरून नजर फिरवली. अनवाणी पोरी तापलेल्या ब्लॉकवर बसल्या होत्या, आणि एकूण एकीनं पायांची बोटं आत आवळून घेतली होती. कुणी तक्रार केली नव्हती. बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर बसायचं. पाठलाग करणारी रुचिता खांबाला हात लावून शिट्टीची वाट बघत होती. बाईंच्या तोंडात शिट्टी होती. आपण यांचे गुडघे आण्णांकडे गहाण टाकलेत, हे त्यांना तेव्हा अगदी स्वच्छ कळलं. त्यांना स्वतःची चीड आली आणि त्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"बाई, मारा की शिट्टी," आण्णा पाहुण्यांकडं हसत बघतच म्हणाले.

"न्हाय मारत."

हेडसर पुढं झाले, बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, वर्गात निघतो तसा.

"या पोरीच्या गुडघ्याला टाके तुमच्या ब्लॉकमुळं हायत, आण्णा. दुसरीच्या गुडघ्याला मी पडू देणार न्हाय. खेळ बघायचा असंल तर आधी माती टाका. तवर माझी एकबी पोरगी हितं पळणार न्हाय."

मुंबईच्या पाहुण्यांना यातलं किती समजलं कोण जाणे. खो-खो कधी बघितला नसावा. त्यांनी रांगेत स्तब्ध बसलेल्या मुलींकडं कौतुकानं पाहिलं, लहान वयात केवढी ही एकाग्रता म्हणाले, आणि टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. फोटोवाला पुढं आला. पाहुणे मुलींच्या मागं उभे राहिले, आण्णा त्यांच्या शेजारी. खेळाचा फोटो निघाला, खेळ झालाच नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

जाताना आण्णा बाईंपाशी थांबले. चिडलेले दिसत नव्हते.

"मी माझा शब्द पाळणार होतो बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आता हे ब्लॉक मी हाय तवर निघत न्हाईत."

गाड्या गेल्या. हेडसर ऑफिसात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मांडववाले खुर्च्या एकात एक घालू लागले. बाई उन्हात उभ्या होत्या. खो-खोची जागा गेली, या मुलींचं वर्ष गेलं, हे त्यांना समजत होतं, आणि राग अजून उतरत नव्हता.

मुली अजून बसलेल्याच होत्या. खो मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे बाईंनीच त्यांना शिकवलं होतं, आणि अजून कुणी त्यांना उठवलं नव्हतं.

बाई पहिल्या चौकोनापाशी गेल्या. वाकून मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "खो." ती उठली, सवयीनं एक पाऊल पळाली, मग थबकून वर्गाकडं चालत गेली. बाई दुसरीपाशी गेल्या. मग तिसरीपाशी. एकेकीला नीट, पाठीमागून, नियमाप्रमाणे खो देत त्या रांगेच्या शेवटापर्यंत आल्या.

अक्षताच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "खो."

ती हात टेकून उठली. लंगडत खांबापर्यंत गेली, खांबाला पूर्ण वळसा घातला, आणि मग वर्गाकडं निघाली.