टेलरमास्तर आणि सुई

टेलरमास्तरांचं तोंड दुकानात मशिनपेक्षा जास्त चालायचं. साथीची लस आली, तेव्हा तर विचारूच नका! "त्यात काय घालतात कोण जाणे! आधी दुसऱ्यांना घेऊ दे," असं ते माप घेता घेता ठणकावून सांगायचे. गिऱ्हाइकं माना डोलवायची.

बायको कोपऱ्यात बसून काज-बटणं करायची. एकदा ती म्हणाली, "अहो, लस घेऊन येऊ या ना. मला दमा आहे."

"काही अडलंय का? मी आहे ना!"

"बरं. तुम्ही घ्याल तेव्हा मी घेईन," म्हणत तिने दोरा दातांनी तोडला.

पुढे त्याच साथीत दोघंही तापाने पडले. मास्तर उठले. ती उठली नाही.

काही महिन्यांनी दवाखान्यातली नर्सताई शिवायला टाकलेला कोट न्यायला आली. मास्तरांची लेक दुकानात होती. नर्सताई तिला म्हणाली, "तुलाही आईसारखा दमा. लशीचं केंद्र उघडं आहे, चल माझ्याबरोबर."

"नको. आई दवाखान्यात गेली ती आलीच नाही. आणि बाबा म्हणतात ते काही उगाच नसेल."

मास्तरांची कात्री कापडातच थांबली. नर्सताईने ते पाहिलं. "मास्तर, खरं सांगा. लशीवर विश्वास नाही, की सुईची भीती वाटते? मी रोज बघते, भीती वाटते असं कुणी म्हणत नाही हो. लोक कारणं सांगतात, आणि घरचे ती खरी मानतात."

मास्तर उसळणार होते. पण समोर लेक उभी होती, हुबेहूब आईसारखी. ते मटकन स्टुलावर बसले.

"घाबरलो गं पोरी! इंजेक्शन म्हटलं की लहानपणापासून पाय लटपटतात. दिवसभर सुई हातात धरणारा माणूस, लोक हसले असते! म्हणून वाटेल ते बोललो. लशीतलं मला काय डोंबल कळतं?"

लेक रडतच म्हणाली, "आईला तरी सांगायचं ना, बाबा! ती नसती हसली. तुमचा हात धरून घेऊन गेली असती."

केंद्रावर आधी लेकीने लस घेतली. मग मास्तरांनी डोळे घट्ट मिटले, आणि लेकीने त्यांचा हात धरला.

"झालं," नर्सताई म्हणाली.

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं. "अरे देवा, एवढंच होतं?" आणि सगळ्यांदेखत ते हमसून हमसून रडले.

मंडळी, भीती वाटली तर वाटते म्हणा, त्यात लाज कसली! शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. पण आपल्या भीतीला शहाणपण म्हणून मिरवू नका. घरात कुणीतरी तुमच्यासाठी थांबलेलं असतं.