गुरांमधून गेलेली बाई

बोइत्शेपो अंगण झाडत होती. उजाडताच एकदा झाडून झालं होतं, तरी तिने पुन्हा केरसुणी घेतली. नवरा खाणीत दगावल्यापासून ती काळ्या कपड्यांत, मातीच्या बुटक्या कुंपणाआड होती, आणि पाय काही एका जागी ठरत नव्हते. विधवेचं अंग तापलेलं असतं, ती गुरांजवळून गेली तर गुरं मरतात, असं सारं गाव मानायचं. वर्षभर तिने दिवस मावळायच्या आत घरी यायचं, परक्या छपराखाली निजायचं नाही, रस्त्याने जायचंच झालं तर पावलागणिक ताप उतरवणारी कुटलेली मुळी शिंपडत जायचं. गावच्या शाळेतली तिची मास्तरकी त्यातच सुटली.

आणि आज लॉरी राजधानीला, गाबोरोनला जाणार होती. तिथल्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. या आठवड्यात हजर झाली नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

थोरला दीर ओतेंग गुरं पाण्यावर न्यायला निघाला होता. पेज प्यायला तो चुलीपाशी टेकला.

"भावजी, मी आज जाते," ती म्हणाली.

"काळ्या कपड्यांत? डोकं फिरलंय का तुझं? वर्ष सरू दे, मग खुशाल जा. विद्यापीठ काय पळून चाललंय?"

"जागा चाललीय ना."

"चालली तर चालली! अगं, त्या विद्यापीठात माझा बैल गेलाय. मला शिकवतेस?"

विद्यापीठ उभारायला माणशी एक जनावर द्या, असं साऱ्या देशाला आवाहन झालं, तेव्हा ओतेंगने आपला तांबडा बैल दिला होता. गावच्या बैठकीत तो बैल ओतेंगच्या तोंडून अजून हंबरत असे.

"तुमचा बैल चालतो भावजी, आणि घरची सून चालत नाही?"

"शिकून जीभ लांब झालीय नुसती! माझी गुरं मेली तर तू भरून देणार आहेस?"

बोइत्शेपोने सासूकडे पाहिलं. "आई, तुम्ही तरी बोला की."

"मी काय बोलू, पोरी? मीही वर्षभर अशीच बसले होते. सगळ्याच बसतात," म्हातारी म्हणाली आणि पेज ढवळत राहिली.

लॉरीचा भोंगा वाजला. बोइत्शेपोने गाठोडं उचललं. सासूने घाईघाईने मुळीची पिशवी पुढे केली, पण तिने हात लावला नाही. रस्त्यावर ओतेंगची गुरं आडवी पसरली होती.  ती थेट गुरांमधून चालत गेली. मागून ओतेंग शिव्या घालत होता, आणि गुरं मुकाट्याने बाजूला सरत होती.

त्या वर्षी पावसाने दडी मारली. देशभर गुरं पटापट मेली. ज्या गावांत एकही विधवा उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, तिथेही मेली. पण या गावाला दोष द्यायला माणूस सापडलं होतं.

"तिला ओढून आणा," ओतेंग बैठकीत गरजला. "तिची शुद्धी करा. नाहीतर गावात एक शेपूट उरायचं नाही!"

पुरुषांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे जमिनीवर बसलेल्या बायकांतून त्याची आई काठी टेकत उठली.

"ओतेंगा, तुझा बाप गेला तेव्हा मी वर्षभर बसले. मुळी शिंपडल्याबिगर एक पाऊल टाकलं नाही. त्याच वर्षी आपला गोठा रिकामा झाला. वाळलेलं कातडं उकळून तुला भरवलंय मी. सांग की, ती गुरं कुणाच्या पावलांनी मेली?"

म्हातारी काठी टेकत पुरुषांपुढे येऊन उभी राहिली.

"इतकी वर्षं मला हे कळत होतं, आणि मी गप्प बसले. सुनेलाही बसवलं. आता तिला आणायला ज्याला जायचंय, त्याने आधी मला आडवं पाडावं आणि मग जावं."

कुणीही उठलं नाही. पण ती गुरं कुणाच्या पावलांनी मेली, याचं उत्तर अजून बाकी आहे. ज्याच्या घरी विधवा आहे, त्याने ते आता तिच्यासमोर बसून द्यावं.