मयुरीचा डबा आणि बेचाळीस नावं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. माझ्या बरोबरीचे केव्हाच भंगारात गेले. मी मात्र मोहर्लीत, वाघांच्या जंगलाच्या गेटजवळ, कामावर आहे आणि त्याचा मला गर्व आहे. ऊर्जानगरच्या एका क्वार्टरमध्ये मी सहा वर्षं राबलो. मग माझी चाल मंदावली आणि कौतुक करणाऱ्या हातांनीच मला पलंगाखाली ढकललं. फार वाईट वाटलं. चंद्रपूरच्या खुर्शीदभाईंनी मला विकत घेतलं, धूळ झटकून माझ्यात लिनक्स ही जुन्या यंत्रांनाही झेपणारी प्रणाली टाकली, आणि मी पुन्हा धावू लागलो.

पुढे मोहर्लीच्या मयुरीने मला नेलं. सफारीच्या गाईडांची पाळी लावणारा प्रोग्रॅम तिला करायचा होता. तो माझ्यावर छान चाले, पण गेटवरच्या संगणकावर रुसून बसे. म्हणून तिने माझ्यात कंटेनर मांडले. कंटेनर म्हणजे डबाच. प्रोग्रॅमला लागेल ते सगळं त्यात भरलं की तो कुठेही तसाच चालतो. डबा बिघडला तर फेकायचा आणि कृतीच्या फाइलवरून दोन मिनिटांत नवा करायचा. या हंगामाची पाळी ठरवायला चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा बेचाळीस गाईडांचा क्रम तिने वहीत न लिहिता थेट माझ्यात टिपला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत. घरातला खोकला, ताप, अडगळ सगळं हाकलायचं. दुपारी गाईडांना प्रोग्रॅम दाखवायचा होता, म्हणून सकाळी मयुरीने मलाही झाडायला घेतलं. "घेऊन जाय गे मारबत!" म्हणत तिने सगळे जुने डबे पुसले. नवा उघडला, तर आत एकही नाव नाही. यादी तिने डब्यातच ठेवली होती! मला ओरडता आलं असतं तर तिला आधीच थांबवलं असतं.

गाईड जमले. मयुरी उभी राहिली. "मायी चूक हाये. यादी मीच पुसली."

"वहीच बरी होती," कोणीतरी हसलं.

सगळ्यांत जुने गाईड लटारूभाऊ हसले नाहीत. "वहीतलं बारीक मले आता दिसत नाई, पडद्यावरचं दिसते. आपापला नंबर साऱ्यायले पाठ हाये. लिव पोरी."

एकेकाने नंबर सांगितला. या वेळी तिने यादी डब्याबाहेर, माझ्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि डबा त्या फोल्डरला जोडला.

"आता फेक डबा," लटारूभाऊ म्हणाले. "आमच्यासमोर."

तिने फोल्डरचं नाव पुन्हा एकदा तपासलं. मला मात्र खात्री होती. जुना डबा गेला, नवा झाला, आणि पडद्यावर बेचाळीसच्या बेचाळीस नावं उभी राहिली.

म्हणून सांगतो मित्रांनो, डबे खुशाल फेका, ते त्यासाठीच असतात. माणसांची नावं माझ्या पोटात ठेवा. आणि एक प्रत माझ्याही बाहेर ठेवा. मी म्हातारा आहे. मी थांबलो तरी कोणाची पाळी चुकू नये.